आरोग्यविद्येची सूची कोणी करावयाची?

परिषदा भरविण्याच्या बाबतीत आपला देश मागे आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, पाहुण्यांच्या भाषणाहूनही लांबणारा पाहुण्यांचा परिचय, स्मरणिकेचे प्रकाशन आणि समारोपाच्या दिवशी अर्ध्याअधिक रिकाम्या सभागृहात एकमताने संमत होणारे ठराव, हा सारा क्रम आपल्या अंगवळणी पडलेला आहे. त्यातच ‘आरोग्यविज्ञान, माहिती व तंत्रज्ञान’ अशा भारदस्त नावाची एखादी प्रादेशिक परिषद भरली, तर ती ग्रंथपालांची आणि संगणकाच्या जाणकारांची घरगुती बाब आहे असे समजून सामान्य वाचक पान उलटतो. त्याला दोष देता येणार नाही. तथापि या एका विषयातील परिषदांकडे समाजाने दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, कारण तेथे ज्याचा निर्णय होतो किंवा व्हावयास हवा, तो प्रश्न अखेर रुग्णाच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचतो. आजारासंबंधीचे उपलब्ध ज्ञान ज्याला हवे त्याला, हवे त्या वेळी आणि त्याला समजेल अशा भाषेत सापडणार की नाही, हा तो प्रश्न होय.

या प्रश्नाचे गांभीर्य लायबेरियाच्या अनुभवावरून ध्यानात येईल. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोलाची भयंकर साथ पसरली. एकट्या लायबेरियात तिने ४,८०० हून अधिक बळी घेतले. हा रोग त्या भागात पूर्वी नव्हता, तो अनपेक्षितपणे आला, असे त्या वेळी सर्वत्र म्हटले गेले. परंतु एप्रिल २०१५ मध्ये लायबेरियाच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी बर्निस डॅन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक लेख लिहून वेगळीच वस्तुस्थिती पुढे मांडली. युरोपातील विषाणुशास्त्राच्या एका नियतकालिकात १९८२ सालीच एक निबंध प्रसिद्ध झाला होता. लायबेरियातील लोकांच्या रक्ताच्या नमुन्यांत इबोलाच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या असून या देशाचा समावेश इबोलाच्या प्रदेशात करावयास हवा, असे त्यात स्पष्टपणे नमूद होते. या निबंधाच्या लेखकांत एकही लायबेरियन शास्त्रज्ञ नव्हता. देशाच्या आरोग्य खात्यास त्याची वार्ता नव्हती. अशांपैकी एक निबंध संगणकावर उतरवून घ्यावयाचा, तर त्यासाठी ४५ डॉलर पडत, आणि ही रक्कम तेथील डॉक्टरच्या सुमारे अर्ध्या आठवड्याच्या पगाराइतकी होती.

निबंध वेळीच वाचला गेला असता तर साथ टळलीच असती, असे कोणी ठामपणे म्हणू शकणार नाही. परंतु पहिले रुग्ण आले तेव्हा ‘हा इबोला तर नसेल?’ ही शंका डॉक्टरांच्या मनात निदान अधिक लवकर आली असती. ज्यांचे रक्त तपासले गेले, त्यांच्याच देशाला तपासणीचा निष्कर्ष ३० वर्षांहून अधिक काळ ठाऊक नव्हता. ज्ञान होते, छापलेले होते, जतनही झालेले होते. ते सापडण्याची व्यवस्था मात्र नव्हती.

सापडण्याच्या या व्यवस्थेलाच ग्रंथपालांच्या भाषेत सूची म्हणतात. कचेरीत काम करणाऱ्यास हे अधिक समजावून सांगावयास नको. दप्तरात कागद असणे आणि कागद सापडणे यांतील अंतर त्याला रोज मोजावे लागते. आवक-जावक नोंदवहीत ज्या कागदाची नोंद नाही, तो कपाटात असूनही नसल्यातच जमा होतो. वैद्यकविद्येची अशी जागतिक नोंदवही ‘इंडेक्स मेडिकस’ या नावाने अमेरिकेत १८७९ साली सुरू झाली. तिच्यामागे जॉन शॉ बिलिंग्ज हे लष्करी शल्यवैद्य आणि ग्रंथपाल होते. पुढे १९६४ साली हे काम संगणकावर आले, १९७१ साली ‘मेडलाइन’ ही सेवा निघाली आणि १९९७ पासून ‘पबमेड’च्या रूपाने ती सर्व जगाला विनामूल्य खुली झाली. हे उपकार मोठे आहेत, यात शंका नाही. परंतु नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्या दृष्टीने महत्त्वाचे तेवढेच तीत प्रथम लिहिले जाणार, हा जगाचा न्याय आहे. इंग्रजीत प्रसिद्ध होणाऱ्या पाश्चात्त्य नियतकालिकांना तीत मानाचे स्थान मिळाले. गरीब देशांतील बहुसंख्य नियतकालिके बाहेर राहिली. या ‘हरवलेल्या’ विज्ञानासंबंधी १९९५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकाने स्वतंत्र लेख प्रसिद्ध केला, तेव्हा हे दुखणे निदान मान्य तरी झाले.

या दुखण्यावर केवळ तक्रार न करता ज्यांनी औषध शोधले, त्यांत दक्षिण व मध्य अमेरिकेतील देशांचे उदाहरण आपण अभ्यासण्याजोगे आहे. ब्राझीलचे सरकार आणि पॅन अमेरिकन आरोग्य संघटना यांच्यात १९६७ साली करार होऊन साओ पावलो येथील एका वैद्यक महाविद्यालयात एक प्रादेशिक वैद्यकीय ग्रंथालय स्थापन झाले. ‘बिरेमे’ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. आरंभी त्याचे काम मर्यादित होते. वॉशिंग्टनच्या बाजूला जमा झालेले ज्ञान दक्षिणेकडील डॉक्टरांना पुरवावयाचे, एवढाच त्याचा उद्देश. परंतु लवकरच तेथील मंडळींच्या ध्यानात आले की, दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी आणून आपली शेती फार दिवस भिजत नाही. १९७९ साली त्यांनी आपल्या प्रदेशातील वैद्यकीय लेखनाची स्वतंत्र सूची छापावयास घेतली, आणि १९८० च्या दशकात तिचेच ‘लिलाक्स’ या संगणकीय सूचीत रूपांतर झाले. जी नियतकालिके जगाच्या नोंदवहीत नव्हती, त्यांची नोंद या सूचीत होऊ लागली.

यातील महत्त्वाची गोष्ट भाषेची आहे. सूचीत लेख शोधावयाचा तर विषयाचे नाव ठरलेले असावे लागते. एकाच रोगास दहा लेखक दहा नावे देऊ लागले, तर शोधणाऱ्याने काय करावे? अमेरिकेने यासाठी इंग्रजी विषयशीर्षकांचा कोश तयार केला होता. साओ पावलोच्या ग्रंथपालांनी त्याचा आधार घेतला, परंतु तो पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत उतरविला आणि सार्वजनिक आरोग्यासारख्या आपल्या निकडीच्या विषयांची भर त्यात स्वतः घातली. त्यामुळे एखादी परिचारिका आपल्या भाषेतील शब्द घालून लेख शोधू शकते, आणि तिन्ही भाषांतील नोंदी तिच्यापुढे येतात. भाषांतराचे हे काम दिसावयास किरकोळ आणि करावयास किचकट असते. त्याचे उद्घाटन करता येत नाही. कदाचित म्हणूनच आपल्याकडे ते कोणी हाती घेत नाही!

या सर्व खटपटीत प्रादेशिक परिषदांचा वाटा कोणता होता, हे पाहण्यासारखे आहे. सूचीचे काम एका इमारतीत बसून होणारे नव्हते. प्रत्येक देशातील ग्रंथालयांनी आपापल्या देशातील लेखनाच्या नोंदी एकाच पद्धतीने करावयाच्या आणि त्या एकत्र आणावयाच्या, अशी ती विकेंद्रित व्यवस्था होती. पद्धत एक ठेवावयाची तर माणसांनी वरचेवर एकत्र बसावयास हवे. आरोग्यविज्ञानविषयक माहितीच्या प्रादेशिक परिषदा या गरजेतून भरू लागल्या. मार्च १९९८ मध्ये कोस्टारिकातील सान होझे येथे भरलेल्या चौथ्या परिषदेने एक जाहीरनामा संमत केला आणि या साऱ्या ग्रंथालयांचे मिळून एक आभासी आरोग्य ग्रंथालय निर्माण करण्याचा निर्णय घेतला. त्याच सुमारास ब्राझीलमध्ये अवघी १० नियतकालिके घेऊन ‘सिएलो’ हा प्रयोग सुरू झाला. स्थानिक नियतकालिकांतील संपूर्ण लेख कोणासही विनामूल्य वाचावयास मिळावेत, हा त्याचा हेतू. पुढे तो अनेक देशांत पसरला. २००१ साली परिषद हवानास भरली. सोव्हिएत संघराज्याच्या विघटनानंतर कागदाचीही टंचाई सोसणाऱ्या क्यूबाने १९९२ साली ‘इन्फोमेड’ नावाचे आरोग्य-संगणकजाळे उभारले होते. त्यानंतर २००३ साली मेक्सिकोतील प्वेब्ला येथे आणि २००५ साली ब्राझीलमधील सॅल्व्हादोर येथे परिषदा झाल्या. सॅल्व्हादोरची परिषद जागतिक वैद्यकीय ग्रंथपाल परिषदेसोबत भरली होती. सार्वजनिक पैशातून झालेले संशोधन सर्वांस मुक्तपणे वाचावयास मिळालेच पाहिजे, अशी विकसनशील देशांची मागणी तेथून नि:संदिग्धपणे मांडली गेली.

या इतिहासाकडे भाबडेपणाने पाहण्याचे कारण नाही. त्या प्रदेशाला एक नैसर्गिक सोय होती. स्पॅनिश आणि पोर्तुगीज या दोन भाषांत बहुतेक सर्वांचे काम भागते. शिवाय क्वेचुआ किंवा ग्वारानी बोलणारा मूळचा रहिवासी या सुंदर व्यवस्थेच्या उंबरठ्याबाहेरच राहिला, हेही नाकारता येत नाही. परिषदांचा वेगही पुढे मंदावला. २००८ साली रिओ, २०१२ साली वॉशिंग्टन आणि २०१८ साली साओ पावलो, असे दोन परिषदांमधील अंतर वाढत गेले. परंतु येथेच खरा धडा आहे. दोन परिषदांच्या मधल्या वर्षांत सूचीचे काम थांबले नाही. तेथे परिषदेत ठराव झाला, तो कोणी करावयाचा हे ठरले, आणि पुढच्या परिषदेत त्याचा हिशेब मागितला गेला. परिषद हे कामाच्या मार्गावरील एक ठाणे होते. आपल्याकडे परिषद हेच बहुधा मुक्कामाचे गाव ठरते.

आपण या बाबतीत अगदीच निष्क्रिय होतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागात, म्हणजे ज्यात भारत येतो त्या विभागात, ‘हेलिस’ नावाचे आरोग्य ग्रंथालयांचे जाळे १९७९ सालीच आखले गेले. या विभागाची स्वतंत्र वैद्यकसूचीही आहे. दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय आहे. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतील १९८५ पासूनच्या लेखांची ‘इंडमेड’ ही सूची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने तयार झाली. वैद्यकीय ग्रंथपालांची सहावी जागतिक परिषद १९९० साली नवी दिल्लीतच भरली होती. म्हणजे साओ पावलो आणि दिल्ली यांच्या आरंभात फारसे अंतर नव्हते. पण यांपैकी किती नावे आपल्या शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या, किंबहुना खेड्यातील डॉक्टरांच्या कानावर आलेली आहेत? तेथील सूची लोकांच्या भाषेत बोलू लागली. आपल्या सूचींनी इंग्रजीचा उंबरठा ओलांडला नाही.

आपल्या सरकारने वाचनाच्या खर्चाचा प्रश्न मात्र अलीकडे मनावर घेतला आहे. गरीब देशांतील संस्थांना वैद्यकीय नियतकालिके विनामूल्य वा स्वस्तात देणारी ‘हिनारी’ ही जागतिक योजना २००२ साली सुरू झाली, परंतु तिच्या लाभार्थी देशांत भारत नाही. गरिबांच्या यादीत आपण बसत नाही, आणि श्रीमंतांच्या दराने वर्गणी भरणे आपल्या साध्या महाविद्यालयास झेपत नाही. ही कोंडी फोडण्यासाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेस मान्यता दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक शासकीय संस्थांना उपलब्ध करून देण्यासाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद झाली. योजना स्वागतार्ह आहे. परंतु हा पैसा दुसऱ्यांची नोंदवही वाचण्यासाठी आहे. आपली स्वतःची नोंदवही लिहिण्यासाठी त्याच्या शतांशाइतकी रक्कम तरी कोणी बाजूला काढील काय?

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर गडचिरोलीचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तेथे काम सुरू केले. खेड्यातील स्त्रियांनाच प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बालकांची काळजी घेता येते आणि बालमृत्यू कमी करता येतात, हे त्यांनी दाखविले. त्यासंबंधीचा निबंध १९९९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, आणि आज जगाच्या कोणत्याही कोपऱ्यातून तो क्षणात शोधता येतो. महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरील ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली निघाला, तोही गाजला. परंतु एखाद्या आशा कार्यकर्तीने किंवा अध्यापक विद्यालयातील विद्यार्थिनीने ‘नवजात बालकाचा न्यूमोनिया’ या विषयावर मराठीत आजवर काय काय लिहिले गेले, असे विचारले, तर तिला उत्तर देणारी वैद्यकसूची मराठीत उभी राहिलेली नाही. ज्ञान गडचिरोलीच्या स्त्रियांच्या सहभागातून जन्मले. त्याचा पत्ता मात्र त्यांच्या भाषेत लिहिलेला नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, वैद्यकाचे शिक्षण इंग्रजीतच होते, तेव्हा मराठी सूची हवी कोणाला? परंतु आरोग्याचा सारा भार पदवीधर डॉक्टरांच्या शिरावर नाही. आशा, अंगणवाडी सेविका, परिचारिका, शाळेतील शिक्षक आणि घरातील आजाऱ्याची शुश्रूषा करणारी माणसे हेही निर्णय घेत असतात, आणि ते मराठीत घेतात. दुसरा आक्षेप आधुनिकांचा आहे. आता यंत्रच क्षणात भाषांतर करते आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही देते, मग हा खटाटोप कशाला? यंत्राची थोरवी कोणी नाकारीत नाही. परंतु यंत्राला जे घातले असेल तेच ते देणार. जे लेखन कोठेच नोंदलेले नाही, ते त्यालाही सापडणार नाही. आणि खऱ्याखोट्याची पारख झालेला साठा नसेल, तर ते खोटेही तितक्याच शुद्ध मराठीत सांगेल. करोनाच्या काळात, २०२० साली, जागतिक आरोग्य संघटनेला रोगाच्या साथीबरोबर अपमाहितीच्या साथीचाही इशारा द्यावा लागला होता. काढे, धुरी आणि ऐकीव उपचार यांचे संदेश त्या काळात आपल्याकडेही मोबाइलवरून घरोघरी फिरत होते, हे आपण विसरलेलो नाही.

शब्दांचा प्रश्न तर अगदी प्राथमिक आहे. एक जण पक्षाघात म्हणतो, दुसरा अर्धांगवायू, तिसरा लकवा. कोठे हिवताप, तर कोठे मलेरिया. मधुमेहाला कोणी साखरेचा आजार म्हणतो, कोणी नुसते ‘शुगर’. कावीळ हे लक्षण की रोग, याचाही लिहिणाऱ्याकडून उलगडा होत नाही. यांतील कोणताही शब्द हद्दपार करण्याचे कारण नाही. सूचीत ते सारे एका शीर्षकाखाली बांधले गेले, की कोणत्याही वाटेने आलेला वाचक मुक्कामास पोहोचतो. पोर्तुगीज आणि स्पॅनिशसाठी साओ पावलोने हेच केले.

असे काम मराठी माणसाच्या स्वभावात नाही, असेही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतच्या ग्रंथांची नोंद करून ती वाढविली. त्या वेळी संगणक नव्हता, अनुदानाची मोठी खैरात नव्हती. एका माणसाच्या निष्ठेने जे झाले, ते आज संस्थांना अशक्य असावे काय? मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून कार्यरत आहे. नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले. राज्याचे भाषा संचालनालय परिभाषा कोश तयार करीत आले आहे. गोव्यात १८४२ साली स्थापन झालेल्या वैद्यकशाळेची परंपरा आहे. तेथील शिक्षण दीर्घकाळ पोर्तुगीजमध्ये चालत असल्याने ब्राझीलच्या विषयशीर्षकांचा उपयोग त्या जुन्या लेखनासाठी आयताच होण्याजोगा आहे. माणसे आहेत, संस्था आहेत. त्यांनी एका टेबलाभोवती बसण्याची गरज आहे.

म्हणून महाराष्ट्र व गोवा यांची मिळून आरोग्यविषयक माहितीची एक प्रादेशिक परिषद अवश्य भरवावी, पण काही अटींवर. तीत मंत्र्यांपेक्षा ग्रंथपाल अधिक असावेत आणि ग्रंथपालांइतक्याच परिचारिका व आशा असाव्यात. आरोग्याच्या नित्य उपयोगाच्या ५०० शब्दांची मराठी विषयशीर्षके पहिल्या परिषदेत वाटून घ्यावीत. मराठीतील आरोग्यविषयक पुस्तके, अहवाल आणि नियतकालिकांतील लेख यांच्या नोंदी कोणत्या संस्थेने कोणत्या वर्षापासून करावयाच्या, हे नावानिशी ठरवावे. पुढच्या परिषदेचे पहिले सत्र मागच्या परिषदेच्या हिशेबाचे असावे, आणि ज्याचे काम झाले नसेल त्या संस्थेने ते व्यासपीठावरून सांगावे. ही सूची तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य उघडता यावी. एवढे झाले, तर हारतुऱ्यांचा खर्चही समाज आनंदाने सोसेल.

लायबेरियातील निबंध तीन दशकांहून अधिक काळ न वाचता पडून राहिला, याचा दोष कोणा एका माणसाचा नव्हता. त्याची नोंद आपल्या दप्तरी करणे हे कोणाचेच काम नव्हते, एवढेच. आपल्या दप्तरात असे किती कागद पडून आहेत, हे त्यांची नोंद झाल्यावाचून कळणार नाही, आणि ती नोंद मराठीत दुसरे कोणी येऊन करणार नाही.